बॅटरीखालचं लाकूड

१९७०च्या दशकातल्या फायबरग्लासच्या शिडाच्या बोटींचं कवच अजूनही टणक असतं. कुजतं ते आतलं लाकूड, आणि त्यातही बॅटरीखालचा प्लायवूडचा ट्रे. तो बदलणारा बहुधा जुन्याच मापाची फळी कापतो, रंग फासतो, स्क्रू आवळतो आणि काही वर्षांनी तेच काम पुन्हा काढतो. माझ्या मते नवी फळी कापण्याआधी जुनी नीट तपासायला हवी, कारण कुजण्याची कारणं दोन असतात. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी धरते, लाकूड मऊ पडतं. तिथे पाणी कुठून झिरपतंय ते शोधायचं. सांडलेलं गंधकाम्ल मात्र लाकूड जाळतं, काळवंडून ठिसूळ करतं. तिथे चार्जर बॅटरीला प्रमाणाबाहेर उकळवतोय का, ते पाहायचं आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी फेस थांबेपर्यंत ओतायचं.

मग लाकूड हवंच कशाला, प्लास्टिकची फळी कुजत नाही, असं कुणी म्हणेल. कुजत नाही हे खरं, पण पॉलिथिनला इपॉक्सी चिकटत नाही, सगळा भार स्क्रूंवर येतो. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी साधारण २८ किलोंची. बोट ३० अंश कलली की त्यातलं निम्मं वजन आडवं ओढतं, लाटेचा दणका वेगळाच. प्लायवूड मात्र फायबरग्लासच्या पट्ट्यांनी कवचाशी एकजीव करता येतं. प्लास्टिकची जागा त्याच्या वर आहे: आम्ल झेलणारी पेटी म्हणून. कुजक्या लाकडात पातळ इपॉक्सी मुरवून भागवावं, हाही सल्ला मिळतो. पण ते वरच्या थरात थांबतं आणि गेलेली ताकद परत आणत नाही.

खरी मेहनत कापलेल्या कडांवर करावी. पाणी फळीच्या पृष्ठभागातून फारसं शिरत नाही. ते उघड्या तंतूंच्या टोकांतून आणि स्क्रूच्या भोकांतून शोषलं जातं. म्हणून कडांना इपॉक्सीचे तीन हात द्यावेत. भोक आधी मोठं पाडावं, घट्ट इपॉक्सीने भरावं, ते सुकल्यावर त्यात स्क्रूच्या मापाचं भोक पाडावं. हे काम कंटाळवाणं आहे, त्यामुळेच टाळलं जातं, आणि जुने ट्रे बहुतेक इथूनच कुजलेले दिसतात.

पेट्रोल इंजिनाच्या बोटींसाठी अमेरिकी नियम सांगतो, की बॅटरी तिच्या दुप्पट वजनाच्या किंवा ९० पौंडांच्या, यांपैकी कमी असेल त्या जोराने ओढली तरी एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. तुमच्या बोटीला नियम लागू असो वा नसो, पट्टा आवळल्यावर बॅटरी सगळ्या बाजूंनी जोर लावून ओढून बघा.