डॅन्यूबच्या काठाने सायकलवर चार देश

जर्मनीच्या आग्नेय टोकाला पासाऊ नावाचे शहर आहे. तिथे डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या एकत्र येतात. अटलांटिकच्या किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा ‘युरोव्हेलो ६’ हा ४,००० किलोमीटरहून लांब सायकलमार्ग याच शहरावरून पुढे ऑस्ट्रियात शिरतो. पासाऊ ते बुडापेस्ट हा त्यातला सहाशेहून अधिक किलोमीटरचा टप्पा मी आणि माझ्या मुलाने बारा दिवसांत पार केला. मुलगा जर्मनीत शिकला. त्याला स्लोव्हाकियाच्या राजधानीत, ब्रातिस्लाव्हात, नोकरी चालून आली होती. घरून त्याच्या अम्मीचा एकच प्रश्न होता : “तिथे मशीद आहे का?” प्रवासाच्या निमित्ताने ते गाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असे आम्ही ठरवले.

रस्ता कठीण नाही. पूर्वी घोडे काठाने चालत मालाच्या होड्या प्रवाहाविरुद्ध ओढत. त्याच वाटा आता बऱ्याच ठिकाणी सायकलींसाठी आहेत. आपण प्रवाहाबरोबर जातो, त्यामुळे चढ फारसा लागत नाही. श्लोगेनला नदी एवढे मोठे वळण घेते, की आलो त्याच दिशेने परत चाललो असे वाटते. मेल्कच्या पुढे वाखाऊच्या दरीत द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागा आहेत. ठिकठिकाणी तरीने सायकलसकट पलीकडे जाता येते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर जमतात, एवढे मी खात्रीने सांगतो.

आम्ही कोकणातले शाफई. मुसाफिर म्हणून कसर होतीच. जोहर आणि असर एकत्र करून दुपारी झाडाखाली जानमाज अंथरायचो. नदी पूर्वेकडे वाहते तोवर किब्ला प्रवाहाच्या थोडा उजवीकडे असतो. बुडापेस्टच्या अलीकडे नदी एकदम दक्षिणेला वळते, आणि किब्ला डावीकडे येतो. खाण्यासाठी लहान गावांत अंडी, मासे, ब्रेड, फळे. मोठ्या शहरांत तुर्की दुकानांतून हलाल जेवण मिळे. मद्य आणि डुकराचे मांस पदार्थात आहे का, हे मात्र प्रत्येक वेळी विचारावे.

व्हिएन्नात डॅन्यूबच्या अगदी जवळ इस्लामिक सेंटरची मशीद आहे. १९७९ साली ती सुरू झाली. सायकलवरूनच तिचा मिनार दिसतो. ऑस्ट्रियाने १९०८ मध्ये बोस्निया आपल्या साम्राज्याला जोडला, तेव्हा लाखो मुसलमान प्रजाजन झाले. त्यांच्यासाठी १९१२ मध्ये कायदा करून इस्लामला मान्यता देण्यात आली. कायद्यात पंथ लिहिला होता हनफी. मुलगा हसून म्हणाला, “अब्बा, आपला नंबर नंतर लागला.”

पुढे हाइनबुर्ग. नदीपलीकडे देवीनचा किल्ला दिसतो. तिथे मोरावा नदी डॅन्यूबला मिळते. साम्यवादी राजवटीत ही सरहद्द काटेरी तारांनी बंद होती. पळून जाताना जीव गमावलेल्यांचे स्मारक किल्ल्याखाली आहे. आम्हाला त्या सरहद्दीवर पासपोर्टही कुणी विचारला नाही.

ब्रातिस्लाव्हात पोचलो तो शुक्रवार. मिनार-घुमट असलेली मशीद तिथे नाही. धर्मसंस्था म्हणून नोंदणी व्हायची तर देशात राहणारे ५०,000 प्रौढ अनुयायी लागतात. आधी ही अट २०,००० होती, २०१७ मध्ये ती वाढवली. मुसलमान आहेत फक्त काही हजार. नोंदणीमुळे मिळणारी सरकारी मान्यता आणि मदत त्यांच्या वाट्याला येत नाही. जुमा आम्ही एका साध्या नमाजगृहात पढला. सफा भरलेल्या होत्या. विद्यार्थी होते, कामगार होते, लहान मुलांना घेऊन आलेले बाप होते. नमाजनंतर तीन अनोळखी माणसांनी मुलाला विचारले, राहायला जागा मिळाली का?

बुडापेस्टमध्ये टेकडीवर गुलबाबांची मजार आहे. उस्मानी फौजेबरोबर आलेले हे दरवेश १५४१ मध्ये बुदात वारले. १६८६ मध्ये उस्मानी राज्य गेले, मजारीचे ख्रिस्ती प्रार्थनागृह झाले, तरी अष्टकोनी इमारत टिकली. हंगेरी आणि तुर्कस्तानने मिळून केलेल्या दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये ती पुन्हा उघडली. भोवती गुलाब लावलेले आहेत. हंगेरीनेही १९१६ मध्ये इस्लामला कायद्याने मान्यता दिली होती.

एकाच नदीकाठचे देश, आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा. टेकडीवरून मुलाने घरी फोन लावला. “अम्मी, मशीद नाही, पण जमात आहे. मी जातो,” तो म्हणाला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “जमात असेल तिथे रोज जात जा. नुसता शुक्रवारी नको.”

मी काही बोललो नाही. माझ्या मनात धाकधूक अजून आहे. ज्या देशात आपल्या दीनची नोंद नाही, तिथे लेकराला ठेवताना ती राहणारच. पण त्या सफेत त्याच्यासाठी सरकून जागा करणारी माणसे मी पाहिली आहेत. अल्लाह त्यांना आबाद ठेवो.