लाल चमकीची गिटार

आमच्या घरी दोन इटालियन वाद्ये आहेत. एक आमचे अकॉर्डियन आणि दुसरी आमच्या धाकट्या बंधूंची इलेक्ट्रिक गिटार. पहिल्याने चाळीस वर्षे आमच्या चर्चच्या गायकवृंदाला साथ केली. दुसरीला चर्चची पायरी चढू दिली गेली नाही. चढू न देणारे आम्हीच होतो, म्हणून ही हकिगत आम्हीच सांगणे बरे.

१९७४ साली बंधू बोटीवरून सुटीला वसईला आले, तेव्हा त्यांच्या सामानात एक लांबट काळी पेटी होती. जिनोव्हा बंदरामागच्या एका बोळात जुन्या वाद्यांचे दुकान होते. तेथे एका अमेरिकन गिटारीची किंमत विचारून ते मुकाट्याने बाहेर पडत असताना दुकानदाराने कोपऱ्यातली ही काढून त्यांच्या हाती दिली. एको कंपनीची, साठीच्या दशकाच्या पूर्वार्धातली. एका महिन्याच्या ओव्हरटाइममध्ये ती बसली.

पेटी उघडली आणि ओटीवर जमलेली मुले अवाक झाली. दर्शनी बाजू नाताळच्या ताऱ्याला लावतात तशा लाल चमकीची, मागची बाजू शिंपल्याच्या आतल्या अंगासारखी पांढरी झळकणारी. तारांखाली चार पिकअप आणि वरच्या कोपऱ्यात ओळीने सहा बटणे. आवाज घुमायला पोकळी कुठेच नाही. आम्ही बोटाच्या पेराने टकटक केली, तर पाटावर केल्यासारखा बद्द आवाज आला. ‘हे वाद्य की फळी?’ असे आम्ही विचारल्याचे आठवते. बंधूंनी समजावून सांगितले : पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तार. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते, वेटोळ्यात किंचित वीज निर्माण होते आणि ती अॅम्प्लिफायरमध्ये वाढून बाहेर पडते. लाकूड भरीव असते ते मुद्दामच. पोकळ गिटार मोठ्या आवाजात स्वतःच घुमू लागते आणि शिट्टी मारते, भरीव गिटार सहसा तसे करीत नाही.

पुढच्या वर्षी सणाच्या मिस्सेला तरुणांनी ही गिटार वाजविण्याची परवानगी मागितली. फादरांनी निर्णय आमच्यावर सोपविला. आम्ही त्या वेळी गायकवृंदाचे प्रमुख होतो आणि त्याचा आम्हांला थोडा अभिमानही होता. ‘हे बँडवाल्यांचे वाद्य आहे, देवळातले नव्हे,’ असे आम्ही सर्वांसमक्ष म्हणालो. बंधू काहीच बोलले नाहीत. पेटी उचलून घरी घेऊन गेले. त्यानंतर सुटीवर आले की ते मिस्सेला शेवटच्या खांबाशी उभे राहत आणि तेथूनच खर्जात गात. त्यांच्याइतका भरवशाचा खर्जाचा आवाज आमच्या वृंदाला पुन्हा मिळाला नाही.

आमची बाजू अगदीच लंगडी होती असे नाही. तरुणांच्या मिस्सेत स्पीकरचा आवाज इतका चढवतात की गाणारी माणसे ऐकूच येत नाहीत, हे मत आम्ही आजही सोडलेले नाही. पण त्या दिवशी आम्ही आवाजाविषयी बोललो नव्हतो. आम्ही वाद्याच्या जातीविषयी बोललो होतो, आणि तेही मांडीवर अकॉर्डियन घेऊन.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसृत केलेल्या उपासनाविषयक संविधानाच्या १२०व्या कलमात ऑर्गनला मान दिला आहेच. शिवाय इतर वाद्येही पवित्र उपयोगासाठी योग्य असली किंवा तशी करता आली, मंदिराच्या प्रतिष्ठेला साजेशी असली आणि भाविकांच्या आध्यात्मिक उन्नतीला पोषक ठरत असली, तर अधिकाऱ्यांच्या संमतीने स्वीकारता येतात, असे म्हटले आहे. २७ एप्रिल १९६६ रोजी खुद्द रोममध्ये संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरीत मार्चेल्लो जोम्बिनी यांची ‘तरुणांची मिस्सा’ इलेक्ट्रिक गिटारी आणि ड्रमसह सादर झाली होती. वाद पुष्कळ झाला, पण ती झाली. आम्ही १९७५ साली नकार दिला तेव्हा यातले आम्हांला काहीच ठाऊक नव्हते. विचारण्याची तसदीही आम्ही घेतली नव्हती.

२००० च्या ज्युबिली वर्षात आम्ही यात्रेकरूंच्या एका गटाबरोबर लोरेटोला गेलो. पवित्र मरियेचे नाझरेथचे घर देवदूतांनी तेथे आणले, अशी परंपरा आहे. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर वाटाड्याने आसपासच्या टेकड्यांवरची गावे दाखविली. एक कास्तेलफिदार्दो. हे नाव ऐकताच आम्ही चमकलो, कारण आमच्या अकॉर्डियनच्या आत तेच छापलेले आहे. १८६३ साली लोरेटोहून परतणारा एक ऑस्ट्रियन यात्रेकरू तेथल्या सोप्रानी नावाच्या शेतकरी कुटुंबाकडे रात्रीपुरता उतरला आणि आपले अकॉर्डियन त्यांना देऊन गेला, अशी आख्यायिका आहे. पाओलो सोप्रानी याने ते उघडून पाहिले आणि तसेच करू लागला. पुढे सारे गावच त्या धंद्यात पडले.

दुसरे गाव रेकानाती. कवी लेओपार्दींचे आणि गायक बेनिआमिनो जिल्यींचे जन्मगाव. जिल्यी तेथल्या कॅथेड्रलच्या वृंदात लहानपणी गात असत. वाटाड्या पुढे म्हणाला, ‘इथे गिटारीही होत.’ पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस तरुणांनी अकॉर्डियनकडे पाठ फिरविली, तेव्हा ओलिव्हिएरो पिजीनी यांनी १९५९ साली एको कंपनी काढली आणि अकॉर्डियनच्या कारागिरांना इलेक्ट्रिक गिटारी करायला लावले. लाकडावर सेल्युलॉइड चढविणारे हात तेच. स्वर बदलण्याच्या बटणांची कल्पनाही तीच. पुढे इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीच्या गिटारीही याच कारखान्यात तयार झाल्या. मूळ कंपनी १९८५ साली बंद पडली. स्वीडनमध्ये हॅगस्ट्रॉमचेही तसेच. अकॉर्डियनचे घराणे, १९५८ पासून इलेक्ट्रिक गिटारी आणि १९८३ साली टाळे.

म्हणजे ज्या शिंपल्यासारख्या पांढऱ्या झळाळीवर आम्ही १९७४ साली नाक मुरडले, तीच आमच्या अकॉर्डियनच्या अंगावर होती. चर्चमध्ये रोज आमच्या छातीशी होती.

घरी परतल्यावर आम्ही बंधूंना हे मोठ्या उत्साहाने सांगितले. ते हसले. ‘मला ठाऊक होतं. जिनोव्हाच्या दुकानदाराने सांगितलं होतं.’

‘मग त्या वेळी बोलला का नाहीस?’

‘दादा, तू विचारलंस कुठे?’

त्यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. क्षमा मागायची ती त्याच वेळी मागायला हवी होती. ती राहून गेली. २०१६ साली बंधू गेले.

गिटार त्यांच्या मुलीकडे आली. पेटी बरीच वर्षे बंद होती. उघडताच कापरासारखा उग्र वास आला. सेल्युलॉइड आकसून कडांशी उचलले होते, खिळे हिरवे पडले होते. तिच्या परिचितांनी सल्ला दिला की ही मोडीत काढावी, त्या काळच्या अमेरिकन गिटारी संग्राहक लाखांनी घेतात, पण हिला कोण विचारतो? हे खरे आहे. अशा गिटारी भरपूर निघाल्या, चमकी लोकांना नाटकी वाटली आणि नाव मोठे झाले नाही, म्हणून त्या आजही त्या मानाने स्वस्त आहेत. पण तिचा निमुळता दांडा एकदा हातात धरून पाहावा. अकॉर्डियन करणाऱ्यांनी ती गरिबाघरची म्हणून हलक्या हाताने केलेली नाही.

गिटारी दुरुस्त करणाऱ्या दोघांनी नकार दिला. शेवटी आमच्या अकॉर्डियनचे सूर नीट करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने ती पाहिली आणि म्हणाला, ‘हे तर आपलंच कातडं आहे.’ त्याने कडा चिकटवून दिल्या आणि पुतणीला दोन गोष्टी बजावल्या : पेटीत कोंडून ठेवू नकोस, सेल्युलॉइड आपल्याच वाफेने कुजते, आणि डाग द्यायची कावीय अंगाजवळ नेऊ नकोस, ते भडकन पेट घेते. आतली सुटलेली अर्थिंगची तार तिने स्वतः, सुटे भाग बाहेर काढून, जोडली.

यंदा सणाच्या मिस्सेला ती वाजवणार आहे. परवानगी आता आमच्याकडे मागायची नसते. तरी परवा ती सरावाला आमच्याच ओटीवर आली. छोटा अॅम्प्लिफायर लावला, आवाज कमी ठेवला. ‘मोठे बाबा, ला द्या,’ ती म्हणाली. अकॉर्डियनचे सूर हलत नाहीत, गिटारीनेच त्यांच्याशी जुळवून घ्यायचे असते. आम्ही भाता ओढून ला दाबून धरला. तिची पाचवी तार बरीच उतरलेली होती. ती हळूहळू चढवत आणली. आता भाता जुना झाला आहे, वारा धरत नाही. सूर थरथरू लागला, तशी तिने मान न उचलता, अजून थोडा वेळ, असे हाताने खुणावले.