आधी आपले पाय



माउलींची पालखी सासवडला मुक्कामी आली की आमची ओसरी वारकऱ्यांनी भरून जाते. लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाईंच्या शेजारी बसून त्यांच्या पायांना तेल लावायचे, पाय चेपायचे, ही माझी सेवा. सव्वीस वर्षांत किती पाय हाताखालून गेले, मोजदाद नाही. स्वतःच्या पायांकडे मात्र कधी पाहिले नाही.

पन्नाशी लागली त्या वर्षी एका सकाळी फरशीवर रक्ताचे डाग दिसले. कुणाला लागले म्हणून घरभर पाहिले, तर माझीच टाच. भेग खोल गेलेली, पण दुखत नव्हती. साखरेचा आजार सात वर्षांचा. गोळी आठवली तर घ्यायची. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि तळपायाला नायलॉनचा बारीक दोरा लावला. मी विचारले, "कधी लावणार?" ते म्हणाले, "ताई, चार ठिकाणी लावून झाला."

तेव्हापासून नेम ठरला. रात्री पाय कोमट पाण्याने धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तळवे आरशात पाहायचे आणि वहीत नोंद करायची. मुलीची अर्धी कोरी वही काढली. आधी फक्त साखरेचा आकडा आणि 'जखम बरी' एवढेच. एका रात्री त्याखाली लिहिले गेले, 'आज दिवसभर कुणी हाक मारली नाही.' मुलगी सासरी, मुलगा नोकरीवर, सासूबाई गेलेल्या. वाचून रडू आले. पण दुसऱ्या रात्री वही पुन्हा उघडली.

स्वतःची एवढी काळजी, स्वतःविषयी लिहिणे, हा मीपणा तर नव्हे? ही शंका बरेच दिवस छळत होती. मग संत बहिणाबाई आठवल्या. त्यांनी आपल्या संसाराची, जिवाच्या तळमळीची हकिकत अभंगांतून सांगितली, म्हणून आज ती आपल्यापर्यंत आली. माझी ती योग्यता नाही. पण जगलो ते देवापुढे खरेपणाने मांडणे म्हणजे मिरवणे नव्हे, एवढे कळले.

हळूहळू वहीत ओसरीवर येऊन गेलेल्या बाया उतरू लागल्या. कुणाचे गाव, कुणाचे बोलणे, कुणी कोणत्या वर्षापासून यायची थांबली. त्या माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात राहणार?

यंदा एका आजींच्या तळव्याला मोठा फोड दिसला. "दुखत नाही गं माउली," त्या म्हणाल्या. माझा हात थांबला. तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि त्यांना वारीतल्या दवाखान्यात घेऊन गेले.

त्या रात्री वहीत त्यांचे गाव लिहिले. मग आरसा घेतला आणि आपले पाय पाहिले.