श्रेयाची वाटणी

‘फायझरची लस’ असे आम्ही कितीदा तरी सहज म्हणून गेलो. वस्तुतः तिचे मूळ जर्मनीतील माइन्झच्या बायोएनटेकमध्ये. उगुर शाहीन आणि ओझलेम ट्युरेजी या दांपत्याने इतरांसह २००८ साली ही कंपनी स्थापन केली. फायझरशी तिचा पहिला करार २०१८ चा, फ्लूच्या लशीसाठी. ती ओळख मार्च २०२० मध्ये कामी आली. धाकटीपाशी एमआरएनएची विद्या, थोरलीपाशी हजारोंवर चाचण्या घेण्याचे आणि कोट्यवधी मात्रा तयार करण्याचे बळ. २ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनने तातडीच्या वापरास मान्यता दिली. खर्च आणि नफा दोघींनी वाटून घेतला. लोकांच्या तोंडी मात्र नाव राहिले थोरलीचे; ‘बीएनटी१६२बी२’ या सांकेतिक नावात तेवढी धाकटीची अक्षरे उरली.

हे लिहिताना आम्हांस आमचाच एक शोधनिबंध आठवतो. जात्यावरच्या ओव्या गावोगाव हिंडून गोळा केल्या विद्यार्थिनींनी; निबंधावर नावे आमची, त्या आभारात. आमच्यावाचून तो छापला गेला नसता, हे आम्ही मनाला पुष्कळदा सांगितले. परंतु त्यांच्यावाचून तो लिहिलाच गेला नसता. त्या ओव्यांचे पुस्तक निघेल, तेव्हा मुखपृष्ठावर नावे त्यांची आधी असतील, एवढे आता आम्ही ठरविले आहे.