कर्करोगाची एकच खूण नसते

बंगळूरमध्ये १८९८ साली प्लेग पसरला, तेव्हा लोकांना सुचलेला उपाय सरळ होता: दाटीवाटीच्या पेठा सोडून दूर जावे. मोकळ्या हवेची, रुंद रस्त्यांची बसवनगुडी त्याच काळात वसली. रक्ताच्या कर्करोगाला हा उपाय लागू पडत नाही. तेथे रोगी आणि निरोगी पेशी एकाच अस्थिमज्जेत शेजारी शेजारी नांदतात. त्यांची ओळख पटवायची ती पृष्ठभागावरच्या खुणांवरून.

याच बसवनगुडीतील नॅशनल कॉलेजात एच. नरसिंहय्या यांनी १९६२ मध्ये सुरू केलेला बंगळूर सायन्स फोरम सामान्य श्रोत्यांपुढे विज्ञान मांडत आला आहे. अशा श्रोत्याचा पहिला प्रश्न साहजिकच असा असेल: मग कर्करोगाची खूण कोणती? त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, अशी एकटी खूण नाही.

पेशीच्या पृष्ठभागावर नाना प्रकारची प्रथिने असतात. एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची रीत कोलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये दाखवली, आणि ही प्रथिने एकेक करून ओळखता येऊ लागली. १९८२ मध्ये पॅरिस येथे त्यांना 'सीडी' क्रमांक देण्याची पद्धत ठरली. आज हे क्रमांक ३७० च्या पुढे गेले आहेत. फ्लो सायटोमीटर या यंत्रात प्रतिपिंडांना चमकणारी रंगद्रव्ये जोडतात. पेशी एकामागून एक लेसरच्या झोतातून जातात आणि प्रत्येकीच्या खुणा प्रकाशातून वाचल्या जातात.

सीडी१० ची कथा येथे बोधप्रद आहे. सत्तरच्या दशकात ती लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची खास खूण मानली गेली. पुढे कळले की, अस्थिमज्जेतील कोवळ्या, निरोगी बी-पेशीही ती धारण करतात. रसायनोपचारानंतर मुलांची मज्जा पुन्हा उभारी घेते, तेव्हा या पेशी भरपूर दिसतात आणि परतलेल्या रोगाचा भास होतो. म्हणून तज्ज्ञ अनेक खुणा एकत्र पाहतात: कोणती प्रमाणाबाहेर आहे, कोणती असायला हवी तेथे नाही.

या वाचनावर मोठे निर्णय अवलंबून असतात. सूक्ष्मदर्शकाखाली मज्जेत ५ टक्क्यांहून कमी रोगपेशी दिसल्या, तर रोग आटोक्यात आला असे पूर्वी मानीत. फ्लो सायटोमेट्री १०,००० पेशींतील एक रोगपेशीही हुडकते. उपचारांच्या पहिल्या टप्प्याअखेरीस हा 'अवशिष्ट रोग' उरला आहे की नाही, यावरून मुलाचे पुढील उपचार तीव्र करायचे की नाही हे ठरविण्यास मोठी मदत होते. टाटा मेमोरियलच्या खारघर येथील केंद्रातील संशोधकांनी नव्या खुणांची पारख करून सीडी७३ आणि सीडी८६ या कामी विशेष उपयुक्त असल्याचे दाखवले आहे.

आता खूण हेच औषधाचे लक्ष्यही झाले आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशींना सीडी१९ धारण करणाऱ्या पेशींचा वेध घ्यायला शिकवले जाते. सीडी१९ निरोगी बी-पेशींवरही असल्याने त्यांचाही बळी जातो. शिवाय अशा उपचारांनंतर काही रुग्णांत रोग परततो तो सीडी१९ टाकून देऊन. त्या वेळी केवळ सीडी१९ च्या आधारे शोध घेणाऱ्याला मज्जा स्वच्छ भासेल. म्हणून सीडी२२, सीडी२४ यांसारख्या अन्य खुणांचा आधार घ्यावा लागतो.

अहवालावर 'अवशिष्ट रोग आढळला नाही' असे लिहिलेले असते, तेव्हा त्या वाक्याचे वजन दोन गोष्टींवर ठरते: किती लाख पेशी तपासल्या आणि कोणत्या खुणांनी तपासल्या. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने हे दोन प्रश्न सर्वांत आधी विचारावेत.