दहावीत मध्यमा

लेकीची दहावी आणि मध्यमा पूर्ण एकाच वर्षात आली, तेव्हा साताऱ्यातल्या झाडून सगळ्या नातेवाइकांनी एकच सल्ला दिला : गाणं वर्षभर बंद ठेवा. आम्ही ठेवलं नाही. खरं तर तिनंच ठेवू दिलं नाही.

गांधर्व महाविद्यालय मंडळाची ही परीक्षा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, मग विशारद. शाळेचं दप्तर पाठीवर असतानाच पोरं ही वाट धरतात. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पण स्वतः ते शिकले मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. म्हणजे लाहोरच्या आधी आमचा सांगली जिल्हाच!

रविवारी तंबोरा जवारीसाठी मिरजेला नेला. २०२४ मध्ये इथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कारागिराला कौतुक होतं, पण काम थांबलं नव्हतं. घोडी कानशीनं हलकेच घासायची, तार चढवायची, छेडायची, कान लावायचा, पुन्हा उतरवायची. घाई नाही. लेक मांडीवर भूमितीचं पुस्तक घेऊन बसलेली. तासाभरात पान काही उलटलं नाही. मीही बोललो नाही.

शास्त्रीय कलांना दहावीत सवलतीचे गुण मिळतात, म्हणून हल्ली परीक्षेला गर्दी असते. मला हे फारसं रुचत नाही. अर्ज मात्र वेळेत भरला.

सध्या बागेश्रीच्या ताना कच्च्या आहेत. त्रिकोणमितीही.