कोणत्या गालात?

बुऱ्हाणपूरला जाणारे लोक शाही किल्ला पाहतात, कुंडी भंडारा पाहतात. मुमताजमहलने १६३१ साली इथेच अखेरचा श्वास घेतला, हेही त्यांना सांगितले जाते. मी मात्र गेलो होतो एका स्नेह्याकडे. रावेर जवळ असल्याने या गावात मराठी सहज कानांवर पडते. स्नेह्याचे मामा आयुष्यभर यंत्रमागावर राबलेले. गालातली जखम भरेना म्हणून मुंबईला शस्त्रक्रिया करून आले होते.

मामा म्हणाले, "डॉक्टरांनी आधी काय विचारलं ठाऊक आहे? तंबाखू कोणत्या गालात ठेवता? सोबत चार शिकाऊ पोरं होती, ती वहीत लिहीत होती. आता सुताजवळ बिडी कशी पेटवणार? म्हणून तंबाखू-चुना, डाव्या गालात. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं बघा."

हा प्रश्न ऐकून मला डॉ. वसंत रामजी खानोलकरांची आठवण झाली. ते पॅथॉलॉजिस्ट. मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवून १९४१ साली नव्याने उघडलेल्या टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळेत आले. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या काचाने होणारा कर्करोग आणि ओठामागे खैनी दाबून होणारा कर्करोग यांवर लिहिले. आपल्या माणसांच्या सवयी नुसत्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत. त्या रुग्णालाच विचाराव्या लागतात.

त्याच इस्पितळात आमचे गोमंतकीय डॉ. अर्नेस्ट बोर्जिस शस्त्रक्रिया करीत. परळच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. खानोलकरांच्या हाताखाली कमल रणदिवे यांनी १९४९ साली पीएच.डी. मिळवली आणि पुढे पेशी-संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. १९५२ साली संशोधन केंद्र वेगळे स्थापन झाले. १९६६ साली ते आणि इस्पितळ टाटा मेमोरियल सेंटर या एका छत्राखाली आले.

उपचार, संशोधन आणि अध्यापन ही तीन कामे आपण वेगवेगळी मोजतो. मामांना विचारलेल्या त्या एका प्रश्नात मात्र तिन्ही होती. जखम कुठे सुरू झाली हे शस्त्रक्रिया करणाऱ्याला कळले, सवय आणि रोग यांची सांगड घालणारी एक नोंद वाढली, आणि रुग्णाशी कसे बोलावे हे चौघे शिकले. अशा हजारो नोंदी साचतात तेव्हा कुठे सरकार हलते. २०१२ साली गुटखाबंदी करणारे पहिले राज्य मध्य प्रदेशच होते. साधी तंबाखू मात्र त्यातून सुटली.

अडचण वेळेची आहे. दाराबाहेर रांग लागलेली असताना पाच मिनिटे शिकवण्यात घालवणे म्हणजे रांगेतल्या शेवटच्या माणसावर अन्याय, असे डॉक्टरला वाटणे साहजिक आहे. पण तो प्रश्न गाळला तर तीच रांग उद्या आणखी लांबेल. म्हणून माणसे वाढवावीत, खाटा वाढवाव्यात. डॉक्टरचा तो प्रश्न विचारण्याचा वेळ तेवढा कापू नये. त्या चौघांपैकी एखादा उद्या लहान गावात दवाखाना थाटेल, आणि गालात नुकताच पांढरा चट्टा उमटलेल्या तरुण कामगाराला तोच प्रश्न वेळेवर विचारेल.